बिब्ब्याची खूण आणि 'न. पै.'ची पावती
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकात फक्त लाँड्रीच्या धंद्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांतून घरच्या लाँड्रीचा इतिहास लिहून काढायची खटपट चाललेली दिसते, आणि प्रश्न एकमेकांत चांगलेच गुंतलेले आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमची लाँड्री पणजोबांपासूनची, असं घरात सांगतात. काका म्हणतात ती स्वातंत्र्यानंतरची, आत्या म्हणते आधीची. पत्र्याच्या पेटीत पावतीपुस्तकं आहेत, पण बहुतेक पावत्यांवर नुसता दिवस आणि महिना आहे. वर्ष कसं काढायचं? (मालवण)

उत्तर: वर्ष लिहिलेलं नसलं तरी ते काढता येतं. आधी एक फरक ध्यानात घ्या. छापील मजकुरावरून पुस्तक कधी छापलं ते कळतं आणि हातानं लिहिलेल्यावरून ते कधी वापरलं ते. पुस्तकं एकदम गठ्ठ्यानं छापून घ्यायची आणि संपेपर्यंत वापरायची ही दुकानदारांची रीतच, त्यामुळे या दोन्हींत काही वर्षांचं अंतर सहज पडतं.

पहिल्यांदा पैसे बघा. दर आणे-पैत छापले असतील तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नये पैसे छापले असतील तर १९५७ ते १९६४ मधली. १ जून १९६४ पासून 'नये' गेलं आणि नुसते 'पैसे' राहिले. छापलेलं 'आणे' शाईनं खोडून वर 'न. पै.' लिहिलेलं एखादं पान सापडलं तर ते वेगळं काढून जपा. ते छापलं १९५७ च्या आधी आणि वापरलं त्यानंतर, म्हणजे त्या बदलाच्या वेळी दुकान चालू होतं याचा तो लेखी पुरावा झाला. आत्या आणि काका दोघांनाही तो मान्य करावा लागेल.

मग पत्ता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी मालवण 'जि. रत्नागिरी'. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तेव्हा पत्त्यात 'जि. रत्नागिरी' आणि पिन दोन्ही असतील तर छपाई या नऊ वर्षांतली धरायला हरकत नाही. मात्र छापखान्यात जुना ब्लॉक पडून असेल तर जिल्हा बदलल्यावरही तोच उठायचा, म्हणून एकाच पुराव्यावर वर्ष ठोकून देऊ नका. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. मालवणच्या वाचकांना लागू नाही, पण सावंतवाडी किंवा मुरूड-श्रीवर्धनच्या कागदांवर 'संस्थान' असा उल्लेख असेल तर तो १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा समजावा. कुलाबा जिल्ह्याचं रायगडही १९८१ मध्येच झालं. जमाखर्चाच्या वहीत शके दिले असतील तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन या महिन्यांत बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष पौषातच कधीतरी उलटतं.

कपड्यांची यादी हा तिसरा पुरावा, आणि बरेच जण नेमका तोच सोडून देतात. पावतीच्या डाव्या रकान्यात छापलेली कपड्यांची नावं वाचा. धोतर, उपरणं, बंडी, सुती कोट यांच्यापुढे दर आहेत आणि टेरिलीन (पॉलिस्टरचं कापड) कुठेच नाही, की टेरीकॉटला (पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाला) वेगळी ओळ आहे? सफारी आहे का? नवा कपडा गावात रुळला की वर्षा-दोन वर्षांत तो यादीत खाली पेनानं लिहिला जायचा आणि पुढच्या छपाईत छापला जायचा. अगदी अलीकडच्या बिलांसाठी करांचा उपयोग होतो. ड्रायक्लीनिंगवर सेवाकर ऑगस्ट २००२ मध्ये लागला, जीएसटी १ जुलै २०१७ ला.

गुमास्ता लायसन्सवर विसंबायचं असेल तर त्यामागचा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमच १९४८ चा होता (२०१७ मध्ये त्याजागी नवा कायदा आला) हे विसरू नका. लायसन्स त्यानंतरचं आहे म्हणून दुकानही त्यानंतरचं, असं होत नाही.

शेवटी, 'धंदा कधी सुरू झाला' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. परीटकाम बलुत्यावर चालायचं तेव्हा पाटी नव्हती, पावती नव्हती. सुगीला भात मिळायचं आणि लग्नात पायघड्या घालायचा मान असायचा. पुढे रोखीनं काम, मग पाटी लावलेलं दुकान, मग ड्रायक्लीनिंग. या प्रत्येकाचं वर्ष वेगळं लिहा. काका आणि आत्या बहुधा वेगवेगळ्या पायऱ्यांबद्दल बोलत असतील. वडीलधाऱ्यांना साल विचारू नका, कामं विचारा. खळ (स्टार्च) कोण शिजवायचं, भट्टी (सोड्यात बुडवलेले कपडे वाफवायची) कुठल्या वारी लागायची, बोटीनं आलेल्या चाकरमान्यांचे कपडे किती दिवसांत द्यावे लागायचे, बाजारपेठेत पोच कोण करायचं. घरातल्या बायकांची कामं यातूनच कळतात, कारण पावतीवर त्यांचं नाव कधीच नसतं.

प्रश्न: जुन्या चादरीच्या कोपऱ्यात तीन काळे ठिपके आणि एक फुली आहे. कितीही धुतलं तरी जात नाही. हा डाग आहे की खूण? (वेंगुर्ले)

उत्तर: खूण, आणि बिब्ब्याची. बिब्बा हा काजू आणि आंब्याच्याच कुळातला. काजूच्या टरफलाचं तेल अंगावर उडालं की काय होतं हे वेंगुर्ल्यात सांगायला नको. बिब्ब्याच्या रसातही तशीच तिखट द्रव्यं असतात. रस हवेनं काळा पडतो, चुन्यानं पक्का होतो आणि पाणी, साबण, सोडा, भट्टीची वाफ या कशानंही निघत नाही. लाँड्रीला नेमकं हेच हवं होतं.

करायची पद्धत साधी. बिब्ब्याचं टोक टोचून जरा शेकायचं. वर आलेला रस सुईच्या किंवा काडीच्या टोकावर घ्यायचा, किनारीच्या आतल्या बाजूला ठिपका द्यायचा आणि त्यावर ओला चुना चोळायचा. खूण एकेका कपड्याची नसे, घराची असे. ठिपके, आडव्या-उभ्या रेघा, फुली, त्रिकोण एवढ्यावर पूर्ण वाडी भागायची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही धुण्याच्या ढिगातून एका घराचे कपडे वेगळे काढता यायचे.

धोका मात्र खरा आहे. हा रस अंगाला लागला तर फोड येतात, आणि ज्यांना तो सोसत नाही त्यांना धुतलेल्या कपड्यावरच्या खुणेनंही मानेवर किंवा कमरेवर नेमकं तेवढ्याच जागी पुरळ उठतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांमध्ये डॉक्टरांनी या त्रासाची वैद्यकीय नोंद केली, ती 'धोबी मार्क' याच नावानं. तेव्हा जुने बिब्बे सापडले तर मुलांना दाखवायला फोडू नका.

खूण खरवडू नका, ब्लीचही लावू नका. चादर जाईल, खूण राहील. कोपऱ्याचा फोटो काढा, ठिपक्यांची मांडणी वहीत उतरवा आणि दुसऱ्या जुन्या कपड्यांशी ताडून बघा. खूण अक्षरांत किंवा आकड्यांत असेल आणि रंग तपकिरीकडे झुकत असेल तर ती बहुधा सिल्व्हर नायट्रेटच्या मार्किंग शाईची. ती लिहिताना फिकी दिसते आणि उन्हानं किंवा इस्त्रीच्या उष्णतेनं काळी होते. नंबर लिहिलेल्या टाचणीच्या चिठ्ठ्या आल्यावर या दोन्ही पद्धती मागे पडल्या. किनाऱ्यावर साध्या टाचण्या चालत नाहीत, पावसाळ्यात रात्रीत गंजतात आणि कपड्याला तांबडं भोक ठेवून जातात. पितळी टाचणी किंवा दोऱ्यानं टाचलेली कापडी चिठ्ठी हेच इथलं काम.

प्रश्न: शाळेच्या प्रदर्शनात 'भट्टी' करून दाखवायची आहे. आजी सांगते त्यात प्रमाण कुठेच नाही. (गुहागर)

उत्तर: आजीला प्रमाण हातानं माहीत असतं, ते वजनात आणावं लागतं. पाच किलो कोरड्या वजनाचे पांढरे सुती कपडे धरा. रंगीत नको, रेशीम आणि लोकर तर मुळीच नको. गरम सोड्यात लोकर आणि रेशीम विरघळू लागतं.

आदल्या दिवशी सगळं साध्या गार पाण्यात भिजवा. ही पायरी वगळली की रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग वाफेनं कायमचे शिजून बसतात. दुसऱ्या दिवशी १० ते १२ लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याची पांढरी पूड ७५ ते १०० ग्रॅम आणि किसलेला साबण ५० ग्रॅम पूर्ण विरघळवा. सोडा स्फटिकांचा असेल तर तो जास्त लागतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं; १०० ग्रॅम पुडीला सुमारे २७० ग्रॅम स्फटिक धरा. सोड्याच्या आधी लाकडाच्या राखेचं निवळ वापरायचे. माडाच्या झावळ्या आणि केळीच्या सोपटांची राख यात चांगली, तिच्यात पोटॅश भरपूर असतो.

कपडे या पाण्यात बुडवून हलके पिळा. चुलीवर रुंद तोंडाचं तांब्याचं भांडं, त्यात दोन तृतीयांश पाणी. तोंडावर बांबूची जाळी, जाळीवर आणि भांड्याच्या काठाभोवती जुनं गोणपाट. गोणपाट विसरू नका, काठाला टेकलेला कपडा करपतो आणि भांडं लोखंडी असेल तर गंज घेतो. आता पिळे गोल गोल रचत वर निमुळते न्या, सगळ्यात मळके तळाला, मधे वाफेला वाट ठेवून. वरून ओलं जाड कापड. मोठ्या भट्टीला रात्रभर वाफ लागायची. या एवढ्याला मंद आचेवर तीन ते चार तास पुरतात. वाफ तेलकट मळाचा सोड्याशी साबण करते आणि जंतूही मारते.

फसतं ते बहुधा तीन जागी. भांड्यातलं पाणी आटलं तर तळचे कपडे सोड्यानं पिवळे भाजतात. वरचा थर सुकला तर मळ तिथेच चिकटतो, म्हणून दर तासाला वरून पाणी शिंपडावं. आणि सोड्याचा न विरघळलेला खडा कपड्यात राहिला तर तिथे कापड कमजोर होतं. हळदीचा डाग भट्टीत लालभडक होतो, त्याला घाबरू नका. खळबळून उन्हात टाकल्यावर तो उडतो.

नंतर दगडावर आपटून तीन पाण्यांतून काढायचं. चौथ्या पाण्यात नीळ, मग खळ. खळ तांदळाच्या पिठाची, साबुदाण्याची किंवा आरारूटची. रोजच्या धोतराला लिटरला १० ते १५ ग्रॅम, कॉलर किंवा टोपी कडक हवी असेल तर ४० ग्रॅम. आधी गार पाण्यात कालवायची, मग उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि मलमलीतून गाळायची. गुठळी राहिली की इस्त्रीखाली तपकिरी ठिपका उठतो. मेणबत्तीचा हरभऱ्याएवढा तुकडा त्यात विरघळवला की इस्त्री चिकटत नाही. कपडे पूर्ण सुकू न देता दमट असतानाच इस्त्री करा, परीटघडी त्याशिवाय बसत नाही. आणि खळ दिलेले कपडे पावसाळ्यात पेटीत भरू नका. बुरशी आणि कसर दोघांनाही ती खळ आवडते. कोकणातल्या घरांत मृगाआधी कपडे बिनखळीचे धुऊन ठेवत, ते एवढ्यासाठीच.

प्रश्न: आमच्या लाँड्रीत पांढरे कपडे ब्लीच केल्यावर उलट पिवळे होतात. वडिलांच्या वेळी असं नव्हतं म्हणतात. (रत्नागिरी)

उत्तर: वडिलांच्या वेळी पाणी कुठलं होतं आणि आता कुठलं आहे ते आधी सांगा. उघड्या विहिरीवरून बोअरवेलवर गेलात तर कारण बहुधा तेच. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असलं तर पाणी काढताना स्वच्छ दिसतं. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर झाकण उघडं ठेवा. सकाळी पाणी पिवळसर झालं किंवा तळाला तांबूस गाळ बसला तर लोह आहे. अशा पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट घातलं की ते लोह लगेच गंजाच्या रूपात बाहेर पडतं आणि थेट कापडावर बसतं. मग पिवळं दिसतं म्हणून आणखी ब्लीच घालतात, आणि पिवळेपणा आणखी वाढतो.

उपाय पाण्यापासून करा. टाकीत पाणी फवाऱ्यानं पाडा, म्हणजे हवा मिसळेल, एक रात्र थांबू द्या आणि वाळूच्या थरातून गाळून घ्या. पिवळे झालेले सुती कपडे प्लास्टिकच्या बादलीत, लिटरला १० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड घातलेल्या कोमट पाण्यात १५ मिनिटं बुडवा आणि तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. शेवटच्या दोन पाण्यांना तरी बोअरचं पाणी नको. हातमोजे घालाच, हे विष आहे. जरीला लावू नका. जांभ्याच्या तांबड्या मातीचे जुने डागही यानंच निघतात, पण आधी माती कोरडी झटकायची. ओल्यावर चोळली की ती धाग्यात शिरते.

ब्लीचिंग पावडरचंही एक आहे. ताजी असताना तिच्यात ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतो, पण इथल्या दमट हवेत उघडं पोतं काही आठवड्यांत निकामी होतं. कारागीर मग अंदाजानं दुप्पट टाकतो. नेहमी पावडर पाण्यात कालवून वरचं निवळच वापरा. पावडरचा कण कपड्यावर पडला तर भोक ठरलेलं.

आता नीळ. जुन्या दुकानात उरलेली निळीची पुडी वापरायचा मोह झाला तर थांबा. जुनी नीळ दोन जातींची असायची. अल्ट्रामरीन सोड्याला दाद देत नाही. प्रशियन ब्लू हे लोहाचं संयुग. कपड्यात सोडा किंवा साबण उरला असेल तर ते इस्त्रीखाली फुटतं आणि गंजाचे बारीक ठिपके पडतात. चिमूटभर नीळ सोड्याच्या पाण्यात उकळून बघा: तपकिरी झाली तर प्रशियन ब्लू. नीळ देण्याआधी कपडे तीन पाण्यांतून काढायचेच, हा जुन्या लाँड्रीतला दंडक इथूनच आला असावा.

प्रश्न: जुलै २०२१ च्या पुरात दुकानाच्या वह्या भिजल्या. उन्हात वाळवल्या, पण पानं चिकटली आहेत आणि काही ठिकाणी सगळं जांभळं झालं आहे. (चिपळूण)

उत्तर: जांभळं झालं ते कॉपिंग पेन्सिलमुळे. या पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर जांभळा रंग मिसळलेला असे. कोरडं अक्षर करडं दिसतं, पाणी लागलं की रंग विरघळून पसरतो. कार्बन कॉपी घेता यावी आणि खोडता येऊ नये म्हणून दुकानांत ती चालायची. तेव्हा अशा वह्यांना आता जराही ओल दाखवू नका. चिकटलेली पानं वाफेनं सोडवायचा घरगुती उपाय तर नकोच.

मात्र निराश होऊ नका. रंग पसरला तरी ग्राफाइटची रेघ आणि पेन्सिलीनं कागदात उमटलेली खाच बहुतेक शिल्लक असते. अंधाऱ्या खोलीत पान सपाट ठेवा, टॉर्च पानाच्या पातळीत आडवा धरा आणि वरून फोटो काढा. खाचांच्या सावल्यांवरून आकडे वाचता येतात. पावतीपुस्तकातल्या कार्बन प्रती आधी तपासा. कार्बनचा काळा रंग मेणात बसवलेला असतो, पाण्यात विरघळत नाही, आणि पुरात मूळ पावतीपेक्षा तिची प्रतच टिकलेली दिसते.

चिकटलेली पानं बांबूच्या पातळ, गुळगुळीत पट्टीनं, जिथे थोडी फट आहे तिथून सुरुवात करून सोडवा. अडलं की सोडून द्या, दुसऱ्या बाजूनं जा. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकदा चिकटून सुकली की सुटत नाहीत. गाळ मऊ कोरड्या ब्रशनं, बाहेर उघड्यावर, नाकाला एन-९५ मास्क लावून झाडायचा; पुराच्या गाळात बुरशी असते.

पुढच्या वेळेसाठी, म्हणजे वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्यांना हे सांगायलाच हवं: भिजलेली वही उन्हात ठेवायची नाही. सुमारे ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात पंख्याखाली सावलीत, दर दहा-पंधरा पानांत टिपकागद घालून आणि तो बदलत वाळवणं शक्य नसेल, तर वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये टाका. मासळीवाल्याचा फ्रीझरही चालेल. गोठलेली वही महिन्यांनीसुद्धा सवडीनं वाळवता येते.

प्रश्न: दुकानाच्या जुन्या पाटीवर 'पेट्रोल वॉश' आहे. खरंच पेट्रोलनं कपडे धूत? मागच्या खोलीत वास येणारं एक बंद पिंप आहे, त्याचं काय करावं? (अलिबाग)

उत्तर: खरंच. पाण्याऐवजी तेल विरघळवणाऱ्या द्रवात कपडा धुणं म्हणजे ड्रायक्लीनिंग. कपडा ओला होतोच, फक्त पाण्यानं नाही. न्यूयॉर्कचे शिंपी थॉमस जेनिंग्ज यांनी १८२१ मध्ये 'ड्राय स्कावरिंग'चं पेटंट घेतलं. अमेरिकेत पेटंट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. त्यानंतर टर्पेंटाइन, बेंझिन, पेट्रोल असे द्रव आले. १९२० च्या दशकात अमेरिकेत स्टॉडर्ड यांच्या नावाचं, उशिरा पेट घेणारं पेट्रोलियम सॉल्व्हंट आलं, आणि १९३० च्या दशकापासून न पेटणारं पर्क्लोरोएथिलीन, कारागिरांच्या भाषेत 'पर्क'. आपल्याकडे 'एमटीओ' म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल हे स्टॉडर्डच्याच जातीचं.

हातानं पेट्रोल वॉश करताना तीन टब असत. पहिल्यात मळ सुटायचा, दुसऱ्यात ब्रश, तिसऱ्यात स्वच्छ पेट्रोलमधून काढायचं. तिसरं पेट्रोल मळलं की दुसऱ्या टबात, दुसरं पहिल्यात. पहिल्यातलं निवळायला ठेवत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत वाहत जाऊन दूरच्या शेगडीवर पेटते. म्हणून अशा खोलीच्या भिंतीला खाली, जमिनीलगत झरोके ठेवायचे. तुमच्या मागच्या खोलीत तसे झरोके असतील तर काम तिथेच होत असे. ते नसतील, आणि पावतीवर ड्रायक्लीनिंगची मुदत आठ-दहा दिवसांची असेल, तर कपडे एसटीच्या पार्सलनं मोठ्या शहरातल्या प्लांटला जात असावेत. लहान गावातली पुष्कळ 'ड्रायक्लीनर्स' दुकानं अशीच घेऊन-देऊन करणारी होती, त्यात कमीपणा काही नाही.

यंत्र शिल्लक असेल तर त्यावरूनही द्रव ओळखता येतो. एमटीओ पाण्याहून हलकं, १० लिटरचं वजन आठ किलोच्या आसपास; पर्क जड, १० लिटरचं सोळा किलो. त्यामुळे वॉटर सेपरेटरमध्ये (द्रवातून पाणी वेगळं करणाऱ्या भागात) पाणी खालून काढायची सोय असेल तर यंत्र एमटीओचं, वरून असेल तर पर्कचं. पर्क १२१ अंशाला उकळतं, म्हणून ते ऊर्ध्वपातनानं शुद्ध करणं सोपं. एमटीओला १४५ ते २०० अंश लागतात, म्हणून जुन्या एमटीओ प्लांटमध्ये गाळणी आणि निवळण यावरच भागवत. अशा दुकानातला कोट घरी आणल्यावर रॉकेलसारखा वास का यायचा, ते यातच आलं.

किनाऱ्यावरच्या प्लांटची वेगळी डोकेदुखी म्हणजे पावसाळा. लोकरीचा कोट दमट हवेत आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी शोषून बसतो. तसाच ड्रममध्ये टाकला की ते पाणी सुटतं, आणि ओल अधिक घुसळण म्हणजे लोकर आटली. गिऱ्हाईक म्हणतं, "ड्रायक्लीनिंगला दिलेला कोट आटलाच कसा?" तो असा आटतो. जाणते कारागीर जून ते सप्टेंबर लोकरीचे कपडे आधी गरम खोलीत सुकवून मगच भरतात.

आता पिंप. उघडू नका, हलवू नका, आणि भंगारवाल्याला देऊन गॅस कटरनं कापू तर देऊच नका. एमटीओ असेल तर स्फोट. पर्क असेल तर ज्वाळेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आतला द्रव परसात ओतणं हा त्याहून वाईट मार्ग. पर्क पाण्याहून जड, जमिनीत सरळ खाली जातं. जांभा दगड सच्छिद्र आणि विहीर जवळ असेल तर पुढचं सांगायला नको. पर्कमुळे माणसाला कर्करोग होण्याची बरीच शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण आहे, आणि अमेरिकेनं डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर १० वर्षांत बंद करायचा नियम केला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी कळवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाकडेच पिंप द्या. खोली तोवर उघडी, हवेशीर. आत विजेचं बटणसुद्धा दाबू नका. पिंपावरच्या लेबलचा फोटो मात्र दारातूनच झूम करून काढा, इतिहासाला तेवढा पुरतो.

प्रश्न: हापूसच्या चिकाचे आणि कोकमाचे डाग लाँड्रीवाला घ्यायला तयार नसतो. असं का? (देवगड)

उत्तर: कारण बहुतेक वेळा तुम्ही आधीच पाणी आणि साबण लावलेला असतो. चीक ताजा असतानाच खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटांनी चमच्याच्या काठानं हलकेच खरवडा, मग साबण. उन्हात सुकून काळा झाला की तो गेला नाही म्हणून कारागिराला बोल लावू नये. फणसाच्या चिकालाही हीच रीत. कोकमाचा लाल रंग साबण लागताच निळा-हिरवा होतो. आधी गार पाणी, मग लिंबू किंवा व्हिनेगर, आणि लाली गेल्यावरच साबण. काजूच्या टरफलाच्या तेलाला उपाय नाही.

प्रश्न: आजोबांची कोळशाची पितळी इस्त्री गंजली आहे. वापरात आणता येईल का? (सावंतवाडी)

उत्तर: पितळ गंजत नाही, गंजला असेल तो आतला लोखंडी पत्रा, बिजागरी आणि खटका. खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, बारीक पॉलिश पेपरनं घासा. तळाला पॉलिश पेपर लावू नका, ओरखडा रेशमाला धरतो. कागदावर बारीक मीठ पसरून इस्त्री त्यावरून कोमट असताना फिरवा, नंतर मेणाचं फडकं.

कोळसा करवंट्यांचा घ्या. तो कठीण असतो, निखारा बराच वेळ टिकतो आणि राख कमी. कच्चा भाजलेला कोळसा तडतडतो, त्याची ठिणगी झरोक्यातून उडून कपड्याला भोक पाडते, म्हणून निखारे बाहेर शेगडीवर पूर्ण लाल करून मगच भरायचे. इस्त्री फुंकायची ती दाराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो तळावर नाचत पळाला तर सुती कपड्याला योग्य; टेरीकॉटला ती जरा निवेपर्यंत बाजूला ठेवा. काम संपलं की राख लगेच झाडायची. राख दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि आतला पत्रा खाते, तुमच्या इस्त्रीचं तसंच झालेलं दिसतं.